पाणवठ्यावरची तिसरी

पडद्यावर चित्र हळूहळू स्वच्छ होत गेलं आणि डॉ. मृण्मयी दाबके खुर्चीतून उठून उभी राहिली. विहीर, काठावरच्या दोन बायका, एकीच्या कमरेवरची घागर, मागे वडाच्या पारंब्या. रेघ न् रेघ जागेवर होती. उजव्या कडेला, पायरीवर, दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकून एक लहान मुलगी बसली होती. फक्त रंग नव्हता. सगळं चित्र शिसपेन्सिलीच्या राखाडीत होतं.

"तैलचित्र होतं म्हणालीस ना?" डॉ. इक्बाल मुकादमनं विचारलं. माणसाच्या डोक्यातली दृश्य आठवण पडद्यावर आणणारा हा स्मृतिवाचक त्या दोघांनी मिळून बांधला होता, आणि इतकी स्वच्छ पण बिनरंगाची आठवण दोघांनीही आजवर पाहिली नव्हती.

यंत्राच्या घुमटाखाली पडलेले गृहस्थ मृण्मयीचे वडील होते, त्र्यंबक दाबके, निवृत्त ड्रॉइंगमास्तर. 'पाणवठा' हे चित्र एकेकाळी विहिरगड संस्थानच्या संग्रहालयात, काच लावलेल्या चौकटीत टांगलेलं होतं. तिथे फोटो काढायला सक्त मनाई होती. पेन्सिलीनं चित्र काढायला मात्र कोणी हरकत घेत नसे. त्यामुळे संग्रहालय आगीत गेलं तेव्हा 'पाणवठ्या'चा एकही फोटो मागे राहिला नाही. राहिली ती मास्तरांची स्केचबुकं. आईला रविवारी हॉस्पिटलात ड्यूटी असे, म्हणून लहानग्या मृण्मयीला मागच्या बाकावर बसवून मास्तर स्टूल टाकत आणि तेच एक चित्र पुन्हा पुन्हा काढत. ती पाचवीत असताना आग लागली आणि ते रविवार संपले. मृण्मयीला त्यात सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता विहिरगडला नवं संग्रहालय उभं राहत होतं आणि 'पाणवठा' मास्तरांनीच पुन्हा रंगवावा असं विश्वस्तांनी ठरवलं होतं. पण गावातली जुनी मंडळी म्हणत होती की चित्रात दोघीच होत्या. मास्तर म्हणत, तिघी. तिसरी माझ्या प्रत्येक स्केचबुकात आहे. मास्तरांनी पदरची मुलगी घुसडली, असं कोणीतरी चारचौघांत बोललं आणि ते मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं. आयुष्यभर त्यांनी मुलांना एकच शिकवलं होतं: दिसतं तेच काढायचं, मनाचं काही काढायचं नाही. आता त्यांच्याच हाताला लोक खोटं म्हणत होते. हात थरथरायला लागला होता, दिवस थोडे होते, आणि त्यांना कशातच चैन पडत नव्हती.

इक्बालनं त्यांना समोर बसवून समजावलं. आठवण ही ओल्या मातीसारखी असते. बाहेर काढली की मऊ होते, परत ठेवताना तिच्यावर बोटं उमटतात. किती वेळा बोटं लागली ते यंत्र मोजतं. त्याला आम्ही स्पर्शांक म्हणतो. तुमचा स्पर्शांक आमच्या मापाबाहेर गेलाय.

"म्हणजे मला सगळ्यांत जास्त आठवतं," मास्तर म्हणाले.

"उलट आहे, सर. तुमच्याकडे चित्राची आठवण उरलेलीच नाही. जी आहे ती तुमच्या रेखाटनांची आहे, म्हणून ती राखाडी आहे. गावातल्यांनी वाद घालून घालून आपापल्या आठवणी तशाच मळवल्यात. आपल्याला असं माणूस हवं, ज्यानं चित्र पाहिलं पण नंतर त्याची कधी आठवणही काढली नाही."

हे बोलून त्यानं मृण्मयीकडे पाहिलं. त्याला काय म्हणायचंय ते तिला कळलं आणि ती वैतागली. तिला त्या बाकाचं टोचणारं लाकूड तेवढं आठवत होतं. तेच तर पाहिजे, इक्बाल म्हणाला. मात्र संधी एकदाच मिळणार होती, कारण वाचन हीदेखील एक उजळणीच. पहिलं वाचन काय ते खरं. तिच्या मेंदूशी यंत्राची जुळणी व्हायला चार-सहा दिवस लागणार होते आणि तोवर तिनं चित्राचा विचारसुद्धा करायचा नव्हता.

विचार करू नको म्हटल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार? मृण्मयीनं कपाटं आवरली, पाढे म्हटले, शेजारणीशी उगाच गप्पा मारल्या. विहीर डोळ्यांसमोर येऊ लागली की ती उठून नळाखाली तोंड धरायची. मास्तरांना तर चित्राबद्दल बोलायलाच बंदी होती. ते हॉलमध्ये येरझारा घालत, तोंड उघडत, मिटत. जेवताना त्यांचं बोट ताटाशेजारी नकळत गिरवू लागलं, आधी घागर, मग पायऱ्या, आणि मृण्मयीचा बांध फुटला.

"बस करा, बाबा. तेव्हाही तेच, आत्ताही तेच. अख्खा रविवार मी तुमच्या पाठीकडे बघत बसायचे. एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाहीत तुम्ही."

मास्तरांनी हात मांडीवर घेतला. ताटातलं तसंच टाकून ते उठले. तिला बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

वाचन झालं. मृण्मयी घुमटाखालून बाहेर आली तेव्हा मास्तर पडद्याला नाक लावून उभे होते. या वेळी रंग होते. हिरवट पाणी, तांबूस घागर, एकीचं जांभळं लुगडं. चौकटीबाहेर, उजवीकडे, स्टुलावर बसलेल्या तरुण मास्तरांची पाठ. विहिरीवर दोघीच होत्या. उजव्या कडेची पायरी रिकामी होती.

मास्तर पडद्यापासून मागे सरले. मी खोटं काढलं, असं ते दोनदा पुटपुटले.

"थांबा, सर." इक्बाल चित्राच्या मधोमध बोट ठेवून होता. तिथे, रंगांच्या वर, एक फिकट आकृती तरंगत होती. बाकावर बसलेली, दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकलेली. "ही चित्रात नाही. काचेवर आहे. मृण्मयी चित्र कुठे पाहत होती? काचेत स्वतःलाच बघत बसलेली दिसते. बाकावरून ती मधे दिसते. आता स्टुलावरून बघू."

त्यानं यंत्राला स्टुलाची जागा दिली. पाहणाऱ्याची जागा बदलली की प्रतिबिंबाचीही बदलते, हे शाळेतलंच प्रकाशशास्त्र. फिकट मुलगी काचेवरून सरकत सरकत उजवीकडे गेली आणि नेमकी पायरीवर जाऊन बसली.

मास्तरांनी दिसतं तेच काढलं होतं, दर रविवारी, काचेसकट. पुढे उजळण्यांत काच तेवढी पुसली गेली आणि मुलगी राहिली. मागे वळायची त्यांना गरजच पडली नव्हती. इतकी वर्षं जपलेली तक्रार अशी हातातून निसटेल असं मृण्मयीला वाटलं नव्हतं.

"विश्वस्तांना कळव," मास्तर म्हणाले. "चित्रात दोघीच काढीन."

मग त्यांनी पिशवीतून एक जुनं स्केचबुक काढलं, पान उघडलं आणि पायरीवरच्या राखाडी मुलीवर बोट ठेवलं.

"माझ्याकडे हिचा रंग नाही, मनू. फ्रॉक कुठला होता?"

मृण्मयीनं पडद्याकडे पाहिलंही नाही.

"पिवळा," ती म्हणाली.