मांडीतली शीर

रिनाच्या हाताला बोकडाची मांडी पाठ होती. वरची पातळ पांढरी पडदी उचलायची, मांसाच्या दोन पुठ्ठ्यांमधल्या घळीत अंगठा सरकवायचा, की ती सापडायचीच: चपटी, दोरीसारखी शीर. ओढून काढायची आणि मागच्या दारातल्या बोक्याला भिरकवायची. मूळपुरुष याकोब रात्रभर कुणा अनोळख्याशी झुंजला, त्या अनोळख्यानं जाता जाता मांडीला हात लावला आणि याकोब लंगडा झाला. तेव्हापासून त्यांच्या ज्यू लोकांत ती शीर कुणी खात नाही. पनवेलमधली निम्मी घरं इस्रायलला गेली, पण उरलेल्यांनी हे सोडलं नव्हतं.

त्या शुक्रवारी शीर नव्हतीच.

पडदी अखंड. सुरीची खूण नाही. घळ मात्र रिकामी, नाडी निघालेल्या नेफ्यासारखी.

बोकड हायमकाकांनी कापला होता. रिना पिशवी घेऊन तडक त्यांच्याकडे गेली.

"काका, शीर तुम्ही काढलीत?"

"मी कशाला काढू? ते तुम्हा बायकांचं काम. आणि पडदी न फाडता? मी काय जादूचे प्रयोग करतो होय गं?" ते हसले. मग सुरी पुसता पुसता म्हणाले, "योसेफचा पाय कसा आहे?"

"पायाला काय झालंय?"

"नाही, आपलं विचारलं."

संध्याकाळी तिचा नवरा योसेफ घरी आला तो एकाच चपलेनं. दुसरी वाटेत कुठे निसटली ते त्याला कळलंच नव्हतं. तो वीज मंडळात लाइनमन, रोज खांबावर चढणारा. डॉक्टरांनी डाव्या पावलाला टाचणी टोचली, तरी हा पंख्याकडेच बघत राहिला. दहा दिवसांनी, सोमवारी, ऑफिसची तपासणी होती. तिथं पाय हलला नाही तर नोकरीवर पाणी.

"बसून खाईन म्हणतो आता," योसेफ म्हणाला. "तू चढ खांबावर. तशीही घरात तुझीच लाइन चालते."

रिना हसली नाही. ती खोबरेल लावून मांडी रगडत होती. मागचे दोन पुठ्ठे वेगवेगळे हाताला लागत होते आणि मधे अंगठा रुतत होता. फार सहज रुतत होता.

तिनं हात काढून घेतला. पदराला पुसला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी हायमकाका मांडी घेऊन स्वतःच दारात आले. कधी यायचे नाहीत.

"ह्या वेळी आहे बघ," म्हणाले. वर न बघता.

रिनानं विळी ओढली. पडदी उचलून अंगठा घातला आणि तिचा जीव भांड्यात पडला. होती. बोटाएवढी जाड. ओढली तशी येतच राहिली, मांडीपेक्षा लांब. कोमट लागली. सवयीनं हात मागे गेला आणि शीर दाराबाहेर पडली.

अंगठा अजून घळीतच होता.

त्याला दुसरी शीर लागली. बारीक, गार. नेहमीची.

"रिना!" आतून योसेफ ओरडला. "अगं, पायात जीव आला! बोटं हलतायत बघ!"

ती मागच्या दाराकडे धावली. बोका शीर तोंडात धरून कुंपणाच्या भिंतीवर चढला होता. तिला पाहून पलीकडे उतरला.

रिना टाचा उंचावून भिंतीपलीकडे बघू लागली.

मग आतून योसेफ, जरा हळू, म्हणाला, "चावतंय गं काहीतरी."