एक पट्टी वर

पियानोचं पोट उघडं पडलं होतं आणि एक अनोळखी माणूस त्यात खांद्यापर्यंत शिरला होता. ती दारातच थबकली. शनिवारची दुपार, सभागृहात चिटपाखरू नसणार, म्हणून चष्म्याच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती गुपचूप रियाज करायला आली होती. आणि इथे हे…

"काय करताय तुम्ही?"

"जुळवतोय," तो आतूनच म्हणाला. "जरा शांतता लागते."

बोलणं तसं तुटकच. पण मग चेहरा बाहेर आला. नाकावर धूळ, कानामागे पेन्सिल, आणि डोळे असे की रागावणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. ती मुकाट्याने खुर्चीत बसली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, रिकाम्याच बसला आहात तर ही पट्टी दाबाल का. तिने दाबली. मग शेजारची, मग तिच्या शेजारची. तो तारा ताणत होता, ती पट्ट्या दाबत होती, खिडकीवर बारीक पाऊस वाजत होता… दोन तास कधी गेले ते कुणालाच कळलं नाही. रियाज राहिला तो राहिलाच.

हा रियाज एवढा महत्त्वाचा का, ते सांगायला हवं. नाताळच्या कॉन्सर्टचं तिला वेड होतं, अगदी घरच्यांनी हात टेकावेत इतकं. डिसेंबर लागला की शाळेचा कॉन्सर्ट, इस्पितळाचा कॉन्सर्ट, पोस्टातल्या मंडळींचा तर हमखास. त्यात एक सूर दुसऱ्याला ओळख दाखवत नसे, तरी ही पहिल्या रांगेत. ओल्या कोटांचा वास, खुर्च्यांची खरखर, सुरू होण्याआधी सगळ्या सभागृहाने एकदाचं खोकून घेणं, सगळंच तिला प्रिय. ऐकण्याहून गाणं जास्त प्रिय. नऊ वर्षं ती गावच्या गायनवृंदात मागच्या ओळीत उभी राहून गात होती. बाई, म्हणजे वृंद बसवणाऱ्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका, यांनी यंदा पहिल्यांदाच वृंदाच्या नाताळ कॉन्सर्टमधलं शेवटचं गाणं तिला एकटीला दिलं होतं. त्या गाण्याच्या शेवटी एक उंच सूर होता. तो तिला लागायचा, छान लागायचा.

सोमवारच्या तालमीत तो फाटला. ती खाकरली, पाणी प्यायली, पुन्हा गायली. पुन्हा फाटला. बाईंनी चष्मा पुसला आणि गुरुवारपर्यंत वाट बघू म्हणाल्या, नाहीतर गाणं बेकरीवालीला देऊ. बेकरीवाली पुढच्या ओळीत इतक्या नम्रपणे खाली बघत उभी होती की हिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण घरी गेल्यावर आईच्या पुढ्यात ती रडली. नऊ वर्षं वाट बघितली होती तिने.

मंगळवारी तो पियानोवाला दुकानात आला. चष्म्याची काडी सैल झालीय म्हणाला. तिने बघितलं तर काडी ठणठणीत.

"बाईंचा फोन आला होता," त्याने शेवटी कबूल केलं. "तुमचा आवाज बसला नाहीये. पियानो चढलाय… म्हणजे मी चढवलाय."

मग त्याने समजावलं. त्या पियानोला कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता. उतरत उतरत तो चांगला एक पट्टी खाली आला होता, आणि त्याच्याबरोबर अख्खा वृंद खाली गात होता. त्याने तारा ताणून तो जागेवर आणला. कॉन्सर्टच्या तोंडावर गाणाऱ्यांना न विचारता असं करायचं नसतं, हे ठाऊक असूनही आणला. बिघडलेलं वाद्य दिसलं की त्याला राहवत नसे.

म्हणजे आपला तो लाडका सूर कागदावरचा सूर नव्हताच. आणि त्याला वर चढवताना एकेक पट्टी दाबून धरली ती आपणच! आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा.

"उतरवा परत," ती म्हणाली.

"तारा आठवडाभर सरकत राहतील. सगळ्यांचंच गाणं बिघडेल."

"मग मी काय करू?"

"तेवढं एक गाणं एक पट्टी खालून वाजवायचं. पुरेसं आहे."

सोपा उपाय. पण पियानोवर बसायच्या बाईंच्या नणंदबाई, आणि त्या कागदावर जे आहे त्यापलीकडे एक बोट हलवत नसत. चाळीस वर्षं हलवलं नव्हतं, आता कसलं हलवतात? राहता राहिला तो. तो वाजवू शकत होता. तिने तसं म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला.

लोक जमायच्या आत तो नेहमी निघून जायचा. सोळाव्या वर्षी भरल्या सभागृहात त्याचे हात मधेच थांबले होते. पुढचा सूरच आठवेना. तो उठून चालता झाला, आणि तेव्हापासून फक्त जुळवतो, वाजवत नाही. हे त्याने तिला सरळ, काही न लपवता सांगितलं. तिला त्याची कीव आली नाही. तो आवडला मात्र.

"तुमची चूक तुम्हीच निस्तरायची," ती म्हणाली. "पाचला दुकान सुटतं माझं."

रोज संध्याकाळी तास दीड तास ती दोघं सभागृहात बसू लागली. तो वाजवी, ती गाई. तिसऱ्या दिवशी "तुम्ही"चं "तू" झालं, कसं ते विचारू नका. गाण्याच्या मध्ये गप्पा, गप्पांच्या मध्ये गाणं. पानं उलटताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली की दोघंही कागदात काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागत. गुरुवारी बाईंनी ऐकलं आणि गाणं तिच्याकडेच राहू दिलं.

शनिवारी सभागृह तुडुंब भरलं. आधीची गाणी नणंदबाईंनी वाजवली, कागदाबरहुकूम. मग त्या उठल्या, तो बसला. ती पुढे आली. सगळं शांत झालं.

पियानो वाजलाच नाही.

तिने वळून बघितलं. त्याचे हात मांडीवर होते आणि चेहरा पांढराफटक. कुणीतरी खोकलं. तो आता उठणार, हे तिला स्पष्ट दिसलं. आणि आज उठला तर पुन्हा कधीच बसणार नाही, हेही. स्वतःचं गाणं बुडेल हा विचार तिच्या मनात आलाच नाही. तिने त्याच्याकडे बघत, पियानोशिवाय, एकटीनेच सुरुवात केली.

पहिलं कडवं तिने त्याच्याचकडे बघून म्हटलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला त्याचा उजवा हात वर आला… एक सूर, मग दुसरा. मग डावा हात. शेवटचा उंच सूर आला तेव्हा ती घाबरायचंच विसरली होती. तो लागला. थोडा थरथरला, पण लागला, आणि टिकला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. बेकरीवालीनेही मनापासून वाजवल्या, खोटं कशाला बोला.

सगळे पांगल्यावर तो पियानोपाशीच बसून होता. ती त्याच्या शेजारी टेकली.

"बघ, एक पट्टी खालून किती सोपं गेलं," ती म्हणाली.

"मी खालून नाही वाजवलं."

"म्हणजे?"

"आधीचं गाणं तुझ्या कानात होतं. तू त्याच सुरातून उचललंस, वरच्याच. मी फक्त तुझ्यामागून आलो."

कागदावरचा खरा सूर तिने लावला होता, आणि तिला पत्ताही नव्हता. तिचे डोळे भरून आले.

"तू सुरू केलं नसतंस तर मी गेलो असतो," तो म्हणाला. "मला तू आवडतेस… नाही, तेवढंच नाही. मला जन्मभर तुझ्यासोबत राहायचंय."

पलीकडे कागद गोळा करणाऱ्या नणंदबाईंचे हात थबकले. तिने डोळे पुसले, नाक ओढलं.

"मलाही," ती म्हणाली. "मग उद्या घरी ये, आईला भेटायला. सकाळीच ये. दुपारी ती झोपते."