रस्टीची निगा

एप्रिल महिना, सकाळचे साडेसात. कलकत्त्याच्या किल्ल्यातल्या एका मेजरची स्पॅनियल कुत्री फिरवायला शकुन हळबे मैदानावर आली होती. समोरून येणाऱ्या माणसाकडे तिचं लक्ष गेलं आणि ती जागच्या जागी थांबली. त्या माणसाने एक भलामोठा कुत्रा लहान मुलासारखा दोन्ही हातांवर उचलून घेतला होता. कुत्र्याचं डोकं आणि शेपटीचं टोक तेवढं तांबूस दिसत होतं. बाकीचं अंग सोललेल्या रताळ्यासारखं फिकट, आणि पाठीवर उन्हाचे लाल चट्टे.

“ये किसने किया?” शकुनने विचारलं.

“नाई ने,” तो धापा टाकत म्हणाला, आणि मग कुत्र्याच्या कानाशी लागून, “हलू नकोस रे राजा... पोचलोच आपण झाडाखाली.”

“तुम्ही मराठी?”

तो इतका दचकला की कुत्रा हातातून निसटायचाच. “हो. म्हणजे... तुम्हीही?”

“ते मागाहून. एवढा सुंदर सेटर जातीचा कुत्रा, त्याची अशी हजामत करून घेतलीत?”

“उकडत होतं त्याला. जीभ काढून बसायचा दिवसभर. म्हटलं, केस काढले की जरा गार वाटेल. मलाही वाटतं.” त्याने मान खाली वाकवून स्वतःचं डोकं दाखवलं. तेही अगदी बारीक कापलेलं होतं. “एकाच न्हाव्याकडे, एकाच दिवशी.”

शकुनला हसू येत होतं, पण रागही तेवढाच आला होता. “उन्हात जाताना तुम्ही टोपी घालता ना?”

“घालतो.”

“मग त्याची टोपी कुठाय? अहो, ते केस म्हणजेच त्याची टोपी आणि छत्री. ऊन वरच्या वर अडतं, कातडीपर्यंत पोचत नाही. सेटरचे केस विंचरायचे, सुटलेले काढून टाकायचे. भादरायचे नाहीत. आणि उचलून का घेतलंय?”

“काल दुपारी गोदीच्या डांबरी रस्त्यावरून चालवला. पाय पोळलेत.”

“दुपारी!” शकुन म्हणाली.

त्याचं नाव दिगंबर नाबर. मूळचा मालवणकडचा, खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये नोकरीला. बदली होऊन कलकत्त्याला येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. रस्टी त्याच्या इंग्रज साहेबाचा. एकोणीसशे त्रेपन्नच्या फेब्रुवारीत साहेब कायमचा मायदेशी गेला. जाताना कुत्र्याची साखळी त्याने नाबरच्या हातात ठेवली आणि डोळे पुसत बोटीत चढला. ‘नको’ म्हणायची सवड नाबरला मिळालीच नाही.

शकुन मात्र कलकत्त्यातच जन्मलेली, कलकत्त्यातच वाढलेली. वडील श्यामकांत हळबे भवानीपूरच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होते. बी. ए. होईपर्यंत शकुन शेजारच्या मिस हॅरिसबाईंच्या कुत्रेघरात हौसेनं राबली. कात्री कशी धरायची, नखं कुठवर कापायची, कान कसे पुसायचे, सगळं तिथेच शिकली. बाई ऑस्ट्रेलियाला गेल्या तेव्हा कंगवे, कात्र्या आणि अकरा गिऱ्हाईक कुत्री शकुनला देऊन गेल्या. पोरगी कुत्र्यांना न्हाऊमाखू घालते, हे लोकांना सांगायची आईला लाज वाटे. वडील म्हणत, “माझ्या वर्गातल्यांपेक्षा तिचे विद्यार्थी बरे. ऐकतात तरी.”

शकुनच्याच सांगण्यावरून पुढच्या रविवारपासून नाबर रस्टीला घेऊन हळब्यांच्या मागच्या अंगणात येऊ लागला. शकुन नळाशी बसून काम करी आणि तो कुत्र्याला धरून ठेवी. व्हरांड्यात वडील पेपर तपासत बसलेले असत, त्यामुळे बोलणं बहुतेक कुत्र्यापुरतंच होई.

“पाण्याचं मातीचं भांडं सावलीत ठेवायचं. दिवसातून तीनदा पाणी बदलायचं. फिरणं सकाळी आठच्या आत नाहीतर सूर्य बुडाल्यावर. रस्त्यावर आधी आपला तळहात ठेवून बघायचा. आपल्याला सोसला तर त्याला सोसेल. फार तापला तर पोटाला आणि पंज्यांना ओला फडका. बर्फ नाही.”

“लिहून द्या ना, बाई. माझ्या नाही लक्षात राहत.”

“कस्टम्सवाल्यांच्या लक्षात राहत नाही? बोटीवरच्या पेट्यापेट्यांतलं सामान पाठ असतं म्हणे तुम्हाला.”

“पेट्या बघताना समोर कोणी बसलेलं नसतं,” नाबर म्हणाला, आणि लगेच रस्टीच्या पाठीवरचा एक चट्टा फार बारकाईने बघू लागला.

व्हरांड्यात पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. शकुनने मान वर केली नाही. पण त्या दिवशी तिने रस्टीची नखं कापली तेव्हा एक नख दोनदा कापायला घेतलं.

एकदा तिने रस्टीचा वरचा ओठ उचलून हिरडी दाखवली होती. “ही गुलाबी पाहिजे. अंगठ्याने दाबलीत की पांढरी होते, सोडलीत की पुन्हा गुलाबी. ती आपणहून पांढरी दिसली तर समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. कुत्रा बोलत नाही. हिरडी बोलते.”

“आणि माणसांचं?”

“माणसांना तोंड दिलंय देवानं. वापरावं.”

जूनमध्ये पावसाळा लागला आणि शिकवणीही बदलली. बाहेरून आला की बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. कान आतून ओले राहू द्यायचे नाहीत. आंघोळ तीन आठवड्यांतून एकदाच, रिठ्याच्या पाण्यानं. आणि गोचिडी! त्या चिमट्याने मुळाशी धरून ओढायच्या आणि रॉकेलच्या वाटीत टाकायच्या. रस्टीच्या अंगावर बोटभर तांबूस लव आली होती आणि नाबरचे केसही भांग पाडण्याइतके वाढले होते. गोचिडी शोधताना दोघांची बोटं रस्टीच्या मानेपाशी एकमेकांना लागत. लागली की दोघंही म्हणत, “इथे नाही.” आणि दोघंही पुन्हा तिथेच शोधत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, नाबर अवेळी संध्याकाळी आला. छत्री असून अर्धा भिजला होता.

“रस्टी जेवत नाही. कालपासून नुसता पडून आहे.”

शकुनला त्या वेळी आणखी दोन कुत्र्यांकडे जायचं होतं. “या दमट हवेत सगळीच मरगळतात. माझी अकराच्या अकरा तशीच आहेत. आज दहीभात द्या थोडा, पंख्याखाली ठेवा. रविवारी बघते.”

“नक्की ना?”

“नाबर, कुत्री मी बघते की तुम्ही?”

तो छत्री उघडून गेला.

रविवारी तो आला नाही. शकुन अंगणात रिठे भिजवून अकरा वाजेपर्यंत बसली. मग उठली, हात पुसले, ट्रामने खिदिरपूरला गेली आणि विचारत विचारत त्याच्या क्वार्टरपाशी पोचली. दाराला कुलूप होतं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, कुत्रा शुक्रवारीच इस्पितळात नेला, बेलगाछियाला. जगतो की नाही कुणास ठाऊक.

बेलगाछिया शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ती ट्राम बदलत तिथे पोचली तेव्हा दिगंबर नाबर जनावरांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. तीन दिवसांची दाढी, चुरगळलेला शर्ट.

“काय झालं?” तिने विचारलं.

“गोचिडीचा ताप. रक्तातले जंतू.” तो उठून उभा राहिला. “शुक्रवारी सकाळी हिरडी बघितली. भिंतीसारखी पांढरी. टॅक्सीवाला म्हणाला, कुकुर नेबो ना, बाबू. कुत्रा घ्यायलाच तयार नाही. रस्त्यात गुडघाभर पाणी. मग रिक्षा केली. आधी एक, अर्ध्या वाटेत दुसरी. इंजेक्शनं दिलीत. आज सकाळी पाणी प्यायला, दोन घोट.”

शकुन बाकावर बसली. “तुम्ही गुरुवारी आला होतात.”

“हो.”

“मी बघायलाही आले नाही. दहीभात म्हणाले. आणि वर तुम्हालाच—” डोळ्यांतून पाणी ओघळू लागलं आणि पुसायला रुमालही सापडेना.

“शकुन,” तो म्हणाला. आजवर ‘बाई’च्या पुढे तो कधी गेला नव्हता. “इकडे बघा. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी आणलात म्हणून आशा आहे. शनिवारी आणला असता तर उपयोग नव्हता. मी हिरडी का बघितली? मला काय कळतं हिरडीतलं?”

“म्हणून माझी चूक पुसली जात नाही.”

“नाही पुसली जात,” तो शांतपणे म्हणाला. “पण म्हणून मी दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही.”

रस्टी वाचला. घरी यायला त्याला अठरा दिवस लागले. शकुनचा मात्र स्वतःवरचा भरवसा उडाला. कात्री धरली की तिला वाटे, आपल्याला काय कळतं? अकरातली चार कुत्री तिने नाही म्हणून सोडून दिली. नाबरला तिने निरोप पाठवला की आता महिनाभर आंघोळ नको, यायची गरज नाही. निरोप खरा होता, पण पुरता खरा नव्हता.

त्याच सुमारास पुण्याहून एक स्थळ आलं. मुलगा भालचंद्र, इंजिनियर. दुर्गापूजेच्या सुट्टीत तो मावशीला घेऊन मुलगी बघायला आला. माणूस चांगला होता, सरळ होता. शकुनच्या हातांवरचे ओरखडे बघून मावशी नुसत्याच हसल्या. भालचंद्रने मात्र स्पष्ट विचारलं, “हे कुत्र्यांचं तुम्ही लग्नानंतर सोडाल ना?”

चार महिन्यांपूर्वी शकुनने ताडकन उत्तर दिलं असतं. आता ती म्हणाली, “विचार करून सांगते.”

पाहुणे गेल्यावर आई खुशीत होती. वडील व्हरांड्यात आले. “विचार कसला करायचा आहे?”

“बाबा, माझ्या हातून एक कुत्रा मरत होता.”

“माझ्या हातून दर वर्षी वीस पोरं नापास होतात. मी शाळा सोडू का?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “लग्न करायचं तर कर. पण घाबरून करू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून शकुनने भालचंद्रला पत्र लिहिलं. नम्र, चार ओळींचं, नकाराचं. मग सोडलेल्या चारही कुत्र्यांच्या घरी ती स्वतः गेली. दोन परत मिळाली.

नाबर डिसेंबरमध्ये आला, न कळवता, रस्टीला घेऊन. रस्टीचे केस आता पोटाखाली झालरीसारखे लोंबत होते आणि पाय गुंत्यांनी भरले होते.

“विंचरत नाही का रोज?” शकुन म्हणाली.

“तुम्ही यायची गरज नाही म्हणालात. मग मीही जरा रुसलो.”

“कुत्र्यावर?”

“तो हाताशी होता.”

तिने कंगवा घेतला. थंडीतलं कोवळं ऊन अंगणभर पसरलं होतं. ती पायांपासून सुरुवात करून एकेक गुंता बोटांनी सोडवत होती आणि तो नेहमीसारखा कुत्र्याला धरून बसला होता. “थंडीत आंघोळ घालायची ती भर दुपारी, उन्हात. जमिनीवर झोपू द्यायचं नाही, खाली तागाचं पोतं. पंज्यांना भेगा पडल्या तर खोबरेल...”

“माझी बदली झालीय,” तो म्हणाला. “विशाखापट्टणमला. वीस जानेवारीला हजर व्हायचंय.”

कंगवा थांबला, मग पुन्हा चालू लागला. “तिथे उन्हाळा लवकर लागतो.”

“म्हणूनच आलो. रस्टीला तुमच्याकडे ठेवाल? त्याचं भलं मला तुमच्याइतकं कळत नाही.”

“नाही ठेवणार.”

“नाही?”

“माझ्याकडे अकरा होती, आता नऊ आहेत. सगळी संध्याकाळी आपापल्या घरी जातात. मालकानं टाकून दिलेला कुत्रा मी घेत नाही. एकदा साहेबानं टाकला, आता तुम्ही टाकणार?”

“टाकत नाहीये हो मी! मला दोघांनाही न्यायचंय, पण विचारू कसं—” रस्टीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“दोघांना म्हणजे?” शकुनने अगदी हळू विचारलं. पायाचा गुंता तिच्या बोटांत तसाच होता.

“तुम्हीच म्हणाला होतात, माणसांना तोंड दिलंय. वापरतो.” त्याने घसा खाकरला. “शकुन, माझ्याशी लग्न कराल? कुत्री सोडू नका. विशाखापट्टणमलाही असतील. नसतील तर मी बोटींवरून उतरवून घेईन.”

तिने बोटांतला गुंता आधी पूर्ण सोडवला.

“लगेच नाही येता यायचं,” ती शेवटी म्हणाली. “माझी नऊ कुत्री कुणाच्या तरी हाती लागायला हवीत. पलीकडची लीना शिकायला तयार आहे, पण तिला सहा महिने लागतील. एक उन्हाळा आणि थोडा पावसाळा तिने माझ्यासमोर काढला पाहिजे. गोचिडी ओळखायला आल्याशिवाय मी तिच्यावर सोडणार नाही.”

“म्हणजे... हो?”

“म्हणजे जुलैत. आणि रस्टी तोवर इथेच राहील. आता तो टाकलेला नाही, आणि तिथला उन्हाळा त्याने तुमच्या एकट्याच्या हाती काढायचा नाही. जुलैत तुम्ही या, मग तिघं बरोबर जाऊ.”

“हो म्हणालात ना, पण?”

“हो,” शकुन म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. “हो. किती वेळा विचारता?”

व्हरांड्यात खुर्ची सरकली. शकुनने कंगवा ठेवला, हात पदराला पुसले आणि पायऱ्या चढून वडिलांसमोर उभी राहिली.

“बाबा, मी नाबरांशी लग्न करायचं ठरवलंय. जुलैत.”

श्यामकांतरावांनी लाल पेन्सिल बाजूला ठेवली. अंगणात दिगंबर कुत्र्याची मान धरून परीक्षेला बसल्यासारखा उभा होता.

“आईला मी सांगतो,” ते म्हणाले. “तिला आधी बसवून मग सांगावं लागेल.” मग त्यांनी अंगणाकडे बघून हाक मारली, “अहो जावईबापू, असे उन्हात का उभे? वर या. चहा टाकायला सांगतो.”

दिगंबर निघाला, पण दोन पायऱ्या चढून थांबला. “रस्टीचा एक पाय विंचरायचा राहिलाय,” तो म्हणाला.

“मग तो आधी,” शकुन म्हणाली, आणि दोघंही पुन्हा खाली उतरली.