गुरुवारचा उमेदवार

पहिल्याच भेटीत मी त्याची मुलाखत घेऊन मोकळी झाले!

झालं असं, आमच्या पंपांच्या कारखान्याला जनरल मॅनेजर हवा होता आणि माणूस निवडायचं काम माझं. अकराच्या उमेदवाराची वाट बघत होते, तेवढ्यात हा आत आला. मी लागलीच प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

"तुमची सगळ्यात मोठी उणीव?"

"समोरचं माणूस बोलत असलं की मध्ये तोंड उघडवत नाही," तो ओशाळून म्हणाला. "नाहीतर मघाशीच सांगितलं असतं... मी उमेदवार नाही. तुमच्यासाठी उमेदवार शोधणाऱ्या एजन्सीतून आलोय."

वीस मिनिटं बोलत होते मी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग तो दर गुरुवारी यायला लागला. चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना कपाचा कान न चुकता माझ्या बाजूला वळवायचा. कामाची पद्धतही त्याची न्यारीच. उमेदवाराच्या साहेबाला नाही, हाताखालच्या माणसांना फोन करायचा.

"वरच्यांशी सगळेच गोड बोलतात हो," म्हणायचा.

सहाव्या गुरुवारी त्यानं एकच कागद पुढे केला. "बाहेर शोधूच नका. तुमच्या असेंब्ली विभागातल्या काकूंना द्या ती खुर्ची. मशीन अडलं की सगळे त्यांच्याकडेच धावतात."

खरं सांगू? काकूंचं नाव पहिल्या दिवसापासून माझ्याही मनात होतं. पण काकूंची निवड झाली, की याचं काम संपणार... आणि माझे गुरुवारही. म्हणून मी मूग गिळून बसले होते. आणि यानं मात्र स्वतःच्या हातानं स्वतःचं काम संपवलं! फार लाज वाटली मला.

कागद घेऊन तडक मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांना बाहेरचाच माणूस हवा होता. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! तासभर भांडले, पण सही घेऊनच परतले.

तो बॅग आवरत होता. "काकूंना माझ्याकडून अभिनंदन सांगा. मग... निघू मी?"

"थांबा," मी म्हटलं. "तुमचीही चौकशी केलीये मी. तुमच्याच पद्धतीनं. काल तुमच्या ऑफिसात फोन केला, तिथे तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या धाकट्या बहिणीनं उचलला."

तो कानापर्यंत लाल झाला. "काय... काय म्हणाली?"

"म्हणाली, दादा एरवी इस्त्रीचासुद्धा कंटाळा करतो. पण गुरुवारी तीन-तीन शर्ट बदलून निघतो."

"चार," तो हळूच म्हणाला. "आज चार बदलले... शेवटचा गुरुवार होता ना."

मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

"मुलाखत तर तुम्ही पहिल्याच दिवशी घेतलीत," तो म्हणाला. "निकाल तेवढा राहिलाय."

मी चहा ओतला आणि या वेळी कपाचा कान त्याच्याकडे वळवला.

"पुढच्या गुरुवारी या," मी म्हटलं. "काहीही काम न काढता."