जळक्या अक्षरांचा खण

त्या दुपारी छापखान्यात निदियाला एकाच भित्तिपत्रकाची अक्षरं जुळवायची होती. छापखान्याचे मालक एरिबेर्तो यांची मुलगी युरानी पंधरा वर्षांची होणार होती. त्या वाढदिवसाच्या नाचाच्या समारंभाचं आमंत्रण बुगा गावाच्या भिंतींवर लागायचं होतं.

"निदियामावशी, मला ती जुनी, जाडी अक्षरं हवीत हं," गरम पान्देबोनो, चीजचा गोल पाव, तोडत युरानी म्हणाली. "खरवडलेली, जळकी. हल्ली सगळ्या कॅफेंच्या पाट्या तशाच असतात." आणि ती अंगणात पळाली.

निदियाचा हात थांबला. ती लाकडी अक्षरं तिच्या नवऱ्याने, कासिमिरोने, कोरली होती. अकरा वर्षांपूर्वी छापखान्याला आग लागली तेव्हा तो मागच्या कोठीत झोपला होता. लोक धावले, तर मालकांनी अक्षरांचे खण खिडकीतून काढून अंगणात नीट रचलेले. दाराला मात्र बाहेरून कुलूप, आणि किल्ली मालकांच्या खिशात. कासिमिरो आतच गेला; अक्षरांच्या कडा तेवढ्या जळल्या.

तेव्हापासून त्या जळक्या अक्षरांचा खण फक्त मृत्यूच्या पत्रकांसाठी. गावातला कुठलाच छापखाना मेलेल्यांच्या अक्षरांत जित्या माणसाचं नाव लावत नसे.

"मालक, ती अक्षरं नकोत."

"का? मेलेले वाचायला येतात की काय? पोरीची हौस आहे, लाव मुकाट्याने!"

निदियाने युरानीचं नाव शिशाच्या नव्या खिळ्यांत, धातूच्या अक्षरांत, लावलं. त्या पोरीला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. मग जळका खण ओढला आणि खाली, आमंत्रण देणाऱ्याच्या जागी, एरिबेर्तोंचं नाव लावलं. अकरा वर्षं आपण याच घटकेची वाट पाहत होतो, हे तिला तेव्हा कळलं.

यंत्र सुरू झालं. पहिला कागद बाहेर आला तो जळक्या लाकडाचा वास घेऊन. मालकांच्या नावाखाली एक ओळ होती: 'अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता.' निदियाने अक्षरं बसवलेल्या चौकटीत वाकून पाहिलं. त्या जागी काहीच लावलेलं नव्हतं.

"हा काय चावटपणा?" मालकांनी ओळ अंगठ्याने खसाखसा पुसली. मग खोकू लागले. "निदिया... धूर... दार उघड..."

दार सताड उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"किल्ली तुमच्याकडेच आहे, मालक," ती हळू म्हणाली.

ते गुडघ्यांवर बसले, मग आडवे झाले. ओठांतून काळी लाळ आली... आणि श्वास थांबला.

यंत्र चालूच होतं. दुसरा कागद आला. मालकांच्या नावाखाली, त्याच जाड्या, जळक्या वळणात, आणखी एक नाव सुरू झालं होतं. एकच रोमन अक्षर, वाय. दोन फांद्या वर, एक खोड खाली. युरानीच्या नावाचं पहिलं अक्षर.

अंगणातून तिचं हसणं ऐकू आलं. ती नवा झगा अंगाला लावून पाहत होती.

"नको, कासिमिरो... पोर नको..." निदियाने खटका खाली ओढला.

यंत्र थांबलं. ओल्या शाईवर लाकडाचा ताजा, पांढरा भुसा चिकटला होता. आणि रिकाम्या कोठीतून पटाशीचा आवाज येत होता... सावकाश... दुसरं अक्षर कोरत.