औषधांच्या खोलीची खिडकी

आतूपेलेची पिशवी सगळ्यांसमोर वाळूवर उपडी झाली. दोन झगे, एक टॉवेल, कागदात गुंडाळलेले सुके मासे आणि प्रार्थनेची वही. दम्याचा पंप काही त्यात नव्हता.

"कुठे लपवलास?" शिबिराचे व्यवस्थापक कोंडवानीकाका पुन्हा म्हणाले.

आतूपेले वाकून वही उचलू लागली. ती बारा वर्षांची, तळ्याकाठच्या शेजारच्याच कोळीवस्तीतली. बाकीची मुलं शहरांतून आली होती. नाताळनंतर, मलावीतल्या ऐन उन्हाळ्यात भरलेल्या या शिबिराला चर्चने वस्तीतल्या एकाच मुलीला बोलावलं होतं, आणि ती ही.

घोळक्याच्या मागे मुटिंटा उभी होती. ती एकोणीस वर्षांची. झांबियातल्या चोमा गावाहून दोन दिवस बसने प्रवास करून ती मलावीत आली होती, मुलांची ताई म्हणून सेवा करायला. निघताना तिच्या चर्चमधल्या सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवून तिच्यासाठी प्रार्थना केली होती. इथे मुलींची खोली आणि औषधांची खोली तिच्या ताब्यात होती.

आदल्या दुपारी मुलं पोहायला गेली तेव्हा तिने औषधांच्या खोलीतच बसायचं होतं. पण फोनला रेंज मिळायची ती फक्त मागच्या मोठ्या खडकावर. दहाच मिनिटं आईशी बोलून येते, म्हणून ती गेली आणि चांगल्या पाऊण तासाने परतली. उकाड्यामुळे खिडकी सताड उघडी होती. औषधांच्या पेटीचं झाकणही. परत येताना पडवीत आतूपेले दिसली होती. पायाला काटा लागला होता म्हणून पट्टी मागायला आली होती. संध्याकाळी दहा वर्षांचा लिंबानी आपला पंप घ्यायला आला, तर पेटीत पंप नाही.

कोंडवानीकाकांनी मुटिंटाला विचारलं, तू खोली सोडून कुठे गेली होतीस का? ती म्हणाली, नाही. मग त्यांनी विचारलं, कोण आलं होतं? तिने सांगितलं, आतूपेले पडवीत होती.

आता आतूपेलेची आजी आली होती. पास्टर काफुवांनी तिला शांतपणे समजावलं की मुलीला काही दिवस घरीच राहू दे. वाकून म्हातारीने वाळूतले झगे गोळा केले, झटकले, नातीचा हात धरला आणि निघाली. मुटिंटाला वाटलं, आत्ता बोलावं. पण त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत ती घोळक्यामागेच उभी राहिली.

नाश्त्यानंतर तिघं तिच्याकडे आली. तियामिके ही तेरा वर्षांची, चष्मेवाली, प्रश्न विचारून विचारून शिक्षकांना जेरीस आणणारी. दालित्सो तिचा आतेभाऊ, वात्रट. आणि मागे लिंबानी, मधूनमधून खोकत. कोंडवानीकाकांनी बजावलं होतं की हा विषय संपला. त्यामुळे, कुणी विचारलं तर आम्ही आंबे वेचायला आलोय म्हणून सांग, असं दालित्सोने तिला आधीच पढवलं.

"ताई, आम्हाला खोली बघायचीय," तियामिके म्हणाली. "आतूपेलेने पंप घेतला असेल, तर आणखी काय काय गेलं ते का नाही कुणी मोजलं?"

मुटिंटाने पेटी उघडून दिली. तियामिकेने एकेक वस्तू बाहेर काढली. खोकल्याच्या गोड गोळ्यांची अख्खी पुडी गायब होती. दालित्सो खिडकीतून बाहेर लोंबकळला आणि खालच्या गवतातून गोळ्यांचे रंगीत कागद घेऊन वर आला. कागदांना बारीक दातांच्या खुणा होत्या.

"आतूपेलेचे दात असे आहेत होय?" तो म्हणाला. "मग तिच्याशी भांडताना जपून राहायला हवं."

लिंबानी हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबेपर्यंत तियामिके त्याची पाठ चोळत राहिली. शिबिराची एकुलती एक गाडी शहरात शिधा आणायला गेली होती. ती दुपारी परतणार आणि मग त्याला दवाखान्यात नेणार. तोवर त्याने सावलीत बसून राहायचं होतं.

तियामिकेने स्वयंपाकघरातून चुलीतली राख मागून आणली. ती खिडकीच्या कठड्यावर पसरली, आत एका डब्यात दुसऱ्या पुडीतल्या चार गोळ्या ठेवल्या, आणि सगळी आंब्याच्या झाडामागे दडली. मुटिंटालाही त्यांनी ओढून नेलं. खोलीत कुणी असेल तर चोर येणार नाही, असं तियामिके म्हणाली. ती हे अगदी सहज म्हणाली, पण मुटिंटाने मान दुसरीकडे वळवली.

अर्धा तास गेला. मग पलीकडच्या आंब्यावरून एक काळ्या तोंडाचं माकड उतरलं, इकडेतिकडे बघत कठड्यावर आलं, आत गेलं आणि डबा काखोटीला मारून बाहेर पडलं. राखेत चार छोटे पंजे उमटले.

"चला!" दालित्सो कुजबुजला.

लिंबानीला झाडाखाली बसवून तियामिके, दालित्सो आणि मुटिंटा माकडामागे धावली. ते खडकांवरून उड्या मारत वर गेलं. खडक तव्यासारखे तापले होते. दालित्सोची चप्पल घसरून खाली गेली. तो तसाच एका पायाने नाचत चढला. वर दोन शिळांमध्ये एक फट होती. माकड त्यांच्यावर दात विचकून पळालं. फट इतकी अरुंद होती की फक्त तियामिकेचा हात आत गेला. तिने एक बाटलीचं झाकण काढलं, एक फाटका मोजा काढला, आणि मग निळा पंप. टोकाला चावल्याची खूण होती, पण दाबल्यावर फुस्स आवाज आला.

खाली येऊन त्यांनी तो धुतला, पुसला आणि लिंबानीने दोनदा ओढला. हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

तियामिके चष्मा पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला. "ताई, माकड माणसासमोर आत येत नाही. काल तू खोलीत होतीस ना?"

दालित्सोने एकदा मुटिंटाकडे, एकदा बहिणीकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "डुलकी लागली असेल. उकाडा केवढा होता. आम्ही नाही सांगणार कुणाला."

एवढ्याशा मुलाने तिच्यासाठी सबब शोधून द्यावी! तिचे कान तापले. तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावं असं तिला वाटलं.

"डुलकी नाही लागली," ती म्हणाली. "मी खडकावर फोनवर बोलत होते. आणि मी खोटं बोलले."

जेवणाच्या घंटेला सगळे जमले तेव्हा तिने तेच पुन्हा सर्वांपुढे सांगितलं. इथली चिचेवा भाषा तिला मोडकीतोडकी यायची. एरवी तिच्या उच्चारांना मुलं हसत, आज कुणी हसलं नाही. कोंडवानीकाका खाली बघत राहिले. आपणही शहानिशा न करता पोरीची पिशवी उपडी केली, असं ते शेवटी पुटपुटले. पास्टरांनी तिघांना पुढे बोलावलं. "आम्ही मोठे प्रार्थना करत बसलो आणि या मुलांनी डोळे उघडे ठेवले," ते म्हणाले. "देवाने ऐकलं असेल तर यांच्याकरवी ऐकलं." टाळ्या पडल्या. मग ते मुटिंटाकडे वळले. तिला घरी पाठवायचं की नाही ते उद्या ठरेल, पण वस्तीत आत्ताच जायचं, असं त्यांनी सांगितलं.

तिघं मुलं तिच्यासोबत गेली. आजी मचाणावर मासे वाळत घालत होती. शेजारपाजारच्या बायका काम थांबवून बघू लागल्या. मुटिंटा वाळूत गुडघे टेकून बसली आणि वाटेभर घोकलेलं चिचेवातलं वाक्य म्हणाली, "आजी, आमचं चुकलं."

मचाणामागून आतूपेले पुढे आली. तिचे डोळे सुजले होते.

"'आमचं' नाही," ती म्हणाली. "'माझं' म्हणायचं असतं."

एका बाईने तोंडावर हात धरला. मुटिंटाने मान खाली घातली आणि प्रत्येक अक्षर नीट लावून पुन्हा म्हटलं, "माझं चुकलं, आतूपेले."

आजीने हातातला मासा मचाणावर ठेवला. मग तियामिकेच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, ही शहाणी पोरं कुणाची म्हणायची? त्यांच्या आयांना म्हातारीचा निरोप सांगा, म्हणाली, की लेकरं चांगली वाढवलीत. आणि नातीला म्हणाली, जायचं तर जा. जावंसं वाटत नसेल तर नको जाऊस.

आतूपेलेने थोडा विचार केला आणि पिशवी उचलली. मुटिंटाने ती घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," आतूपेले म्हणाली. "माझी मी नेईन."

आणि ती लिंबानीशी बोलत पुढे चालू लागली. मुटिंटा चार पावलांचं अंतर ठेवून मागून चालत राहिली.