उचलून घ्या त्याला

नोकरी संपली तरी घरात बसून राहायचं नाही, हे ताईंनी आधीच ठरवलं होतं. मोठ्या इस्पितळात लोकांचे कान तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. चर्चमधल्या एका मैत्रिणीने मिशनच्या लांबच्या दवाखान्याचा विषय काढला आणि ताईंनी बॅग भरायला घेतली. "जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस, आणि आता जगाला ऐकायला शिकवायला निघालीस!" नवरा म्हणाला. पण दानात आलेल्या जुन्या श्रवणयंत्रांचा खोका त्यानेच बसच्या टपावर चढवला.

दवाखाना रस्ता संपतो तिथे, चढावर होता. दगडी भिंती, लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास. तिथला कारभार मोठ्या सिस्टर बघत. त्यांनी ताईंना टोकाची खोली दिली. कान तपासायला शांतता लागते, आणि त्या खोलीइतकी शांत जागा तिथे दुसरी नव्हती. दार लावलं की बाहेरचं खोकणं, चपलांची फरफट, प्रार्थनेची घंटा, सगळं कापल्यासारखं थांबायचं. एका कोपऱ्यात मात्र भर दुपारीही ओलसर गारवा असायचा.

पहिला आला तो एक म्हातारा शिंपी. ताईंनी यंत्र त्याच्या कानात बसवलं, आवाज हळूहळू वाढवला. "बाबा, येतंय का ऐकू?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "येतंय की! किती वर्षांनी..." मग त्याची मान आपोआप कोपऱ्याकडे वळली. "बाळ कुणाचं रडतंय हो?"

दवाखान्यात तान्ह्या मुलांचा विभाग नव्हताच. जुनी यंत्रं शीळ घालतात, तसंच काहीतरी असणार. ताईंनी यंत्र तपासायची नळी त्याला जोडून आपल्या कानाला लावून पाहिली. नुसती बारीक खरखर. त्यांनी आवाज जरा कमी करून म्हाताऱ्याला घरी पाठवलं.

त्याच्यामागून भाजीवाली आली. तिला दुसरंच, त्यातल्या त्यात नवं यंत्र दिलं. ते चालू होताच ती खुर्चीतून अर्धी उठली. "अगं बाई, केव्हाचं रडतंय ते! घसा बसलाय त्याचा. अहो, बघता काय नुसत्या? उचलून घ्या ना त्याला..."

ती बोट दाखवत होती तो कोपरा रिकामा होता.

त्या दिवशी जो जो त्या खुर्चीत बसला, त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. कुणी हळहळलं, कुणी ताईंवर चिडलं. ज्यांच्या कानांना वर्षानुवर्षं कसला आवाज ठाऊक नव्हता, त्यांनाच तो ऐकू येत होता. ताईंचे कान ठणठणीत होते, आणि खोलीत शांतता होती.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सिस्टरना विचारलं, "ती खोली पूर्वी कशाची होती?"

सिस्टरनी कप बशीत ठेवला. "पाळण्यांची. पायरीवर कुणी मूल सोडून गेलं, की त्याला तिथे ठेवायचे. माझ्या आधीची गोष्ट आहे ही. सगळी मोठी झाली, आपापल्या वाटेने गेली. एक सोडून."

"त्याचं काय झालं?"

"त्याला कुणी उचललंच नाही वेळेवर... मला एवढंच सांगितलं होतं." सिस्टर उठल्या. "उद्या तुम्हाला दुसरी खोली देते."

पण सकाळी खोका हलवायच्या आतच एक बाई पोरीला घेऊन दाराशी उभी होती. दोघी पहाटेपासून चालत आल्या होत्या. पोरगी आठ-नऊ वर्षांची, जन्मापासून बहिरी. तिने शब्द असा कधी ऐकलाच नव्हता. त्यांना ताटकळत ठेवणं ताईंच्या जिवावर आलं. एवढी एक तपासणी करू आणि मग हलू, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

यंत्र चालू झालं. पोरगी हसली नाही, दचकली नाही. तिने मान वळवली, बराच वेळ ऐकलं आणि तोंड उघडलं.

तो आवाज आठ-नऊ वर्षांच्या पोरीचा नव्हता. नुकतं जन्मलेलं मूल अडखळत, श्वास कोंडत रडतं, हुबेहूब तसा. तिच्या आईच्या डोळ्यांना धारा लागल्या. "बोलली! ताई, माझी पोर बोलली..."

पोरगी कोपऱ्यात गेली आणि वाकली. एक हात पसरून, दुसऱ्याने मानेला आधार द्यावा तसं करून तिने काहीतरी उचललं. छातीशी धरलं, थोपटलं. तिचं रडणं थांबलं. मग ती दारातून तिरकी होऊन, कशाला धक्का लागू नये इतक्या जपून बाहेर पडली.

तिच्यानंतर एक गवंडी आला. कानात यंत्र बसताच म्हणाला, "ताई, किती शांत आहे हो इथे!"

"पुढच्या वेळी आली की मशीन काढून घ्या त्या पोरीचं," संध्याकाळी ताईंनी सगळं सांगितल्यावर सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या.

"अहो, पोर पुन्हा बहिरी होईल."

"होऊ दे."

ताईंचा मुक्काम महिनाभराचा होता. निघायच्या आदल्या दिवशी मायलेकी तपासणीला आल्या. पोरीच्या अंगाने बाळसं धरलं होतं, डोळ्यांत चमक आली होती. "आता हसते, ताई. दिवसभर बोलत असते काहीबाही. रात्री मशीन काढून ठेवते मी, तरी अंधारात हिचं चालूच..." बोलता बोलता आई थांबली. ताईंचा हात पोरीच्या कानाकडे गेला होता. आईने तो दोन्ही हातांनी धरला. "नका काढू. पाया पडते तुमच्या. माझ्या हाकेला ओ देते हो ती आता."

ताईंना तो हात पुढे नेता आला नाही. नवे सेल घालून त्यांनी पोरीला जाऊ दिलं.

पोरगी आज हात छातीशी धरून चालत नव्हती. ती एका अंगाला थोडी झुकून, एक बोट कुणाच्या तरी मुठीत दिल्यासारखं खाली सोडून, अगदी सावकाश पावलं टाकत होती. उंबऱ्याशी येऊन ती थांबली, खाली बघत राहिली... बराच वेळ थांबली. मग पुढे निघाली.

ती पायऱ्या उतरून गेल्यावर ताईंच्या लक्षात आलं, की आपण भिंतीला चिकटून उभ्या आहोत. पाय आखडून, कुणाला तरी वाट करून द्यावी तशा.